ओट्यावरची मालकीण

अमळनेर स्टेशनात सुरतेची गाडी लागली, तेव्हा आमच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी होत्या. साल ब्याऐंशी. ह्यांना सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, काम लागलं होतं. माझे वडील, आबा, खिडकीचा गज धरून उभे होते. त्यांना रडणं जमत नाही, म्हणून ते सूचना करत होते. पेटी पायाशी ठेव, पाणी जपून पी. गाडी हलली तसे चार पावलं सोबत चालले आणि म्हणाले, "शकू, तठे कितीबी ऱ्हाय, पन आठे माघारी येवाले एक जागा कर."

मी केली जागा. ती आबांनीच घालवली. माझ्यासारखे जे सुरतेला, पुण्याला, वापीला गेले आणि जळगाव-धुळ्याला दोन खोल्या बांधून भाड्याने देऊ म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गावाकडे राहिलेल्यांनीही वाचावं. त्यांनी तर आधी वाचावं.

सुरतेत आम्हाला एक ओरडी मिळाली. खोली हा शब्द मी तिथेच विसरले. मालकिणीला सगळे मासी म्हणत. मासीने पहिल्याच दिवशी बजावलं, भिंतीत खिळा मारायचा नाही, पाहुणा मुक्कामाला ठेवायचा तर आधी विचारायचं. आणि दर अकरा महिन्यांनी ती दारात उभी राहायची, "अगियार महिना थया, बेन. खाली करो." मग आम्ही सगळा संसार गल्लीत मांडायचा. पेटी, स्टो, गाद्या, देवांचा पाट. रिकाम्या ओरडीला मासी आपलं कुलूप घालायची. दिवसभर येणारे-जाणारे आमची भांडी बघत जायचे. संध्याकाळी नवा कागद, त्यावर सह्या, मग पुन्हा सगळं आत. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आम्ही माणसं आहोत की मिरचीची पोती, असं मी ह्यांना विचारायची, जणू नियम ह्यांनीच केला होता.

गावी गेले की आबांना सांगायची. त्यांना ते ऐकवत नसे. दारात आलेल्या माणसाला कुणी असं बाहेर बसवतं का, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

पोटाला चिमटे काढून आम्ही जळगावात मेहरूणला जागा घेतली. तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, दोन खोल्या आणि पुढे शहाबादी फरशीचा ओटा. त्या फरशीसाठी मी गवंड्याशी भांडले होते, कारण त्याला साधा कोबा करून मोकळं व्हायचं होतं. आम्ही परत येईपर्यंत घर भाड्याने द्यायचं ठरलं आणि माणूस बघायचं काम आबांकडे गेलं. त्यांनी भास्करला आणलं. आमच्याच गावचा, जळगावात डाळमिलमध्ये मुनीम. बोलायला गोड, वाकून नमस्कार करणारा. कागद करू या, असं हे म्हणाले, तर आबांना अपमान वाटला. "आपलाच मानूस शे. कागद कसाले?" आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवताना ते म्हणाले, "घर तुन्हंच शे, खुशाल ऱ्हाय."

आता घर तुझंच आहे, हे आपल्याकडे कोण म्हणत नाही? पाहुणा आला की म्हणतात, जावई आला की म्हणतात, बोहारीण टेकायला बसली तरी म्हणतात. ऐकणाऱ्याने हसून मान हलवायची असते. भास्करनेही हलवली. मात्र तो ते वाक्य विसरला नाही.

आधी दारावर त्याच्या नावाची पाटी लागली. "नाव नसलं की पोस्टमन घोटाळतो, ताई." मग मागे पत्र्याची शेड आली, खिडकीला जाळी आली, अंगणात त्याच्या बायकोचं, कमलचं, तुळशीवृंदावन आलं. दर उन्हाळ्यात मी विचारायची, घर कधी सोडताय? कधी पोरीची दहावी असायची, कधी सासूचं आजारपण. जळगावच्या वकिलांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, माणूस आत बसलाय, तुमच्याकडे कागद नाही, दावा लावा, पण मुलं मोठी होईपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा. मला त्यांचा राग आला नाही. मला आबांचा आला.

आणि मग चौऱ्याण्णव साल, प्लेगचं वर्ष उजाडलं. सुरत रिकामी होत होती. खातं बंद, दुकानं बंद, जो तो तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे. आम्ही दोन्ही मुलांना घेऊन ताप्ती लाईनच्या गाडीत कसेबसे शिरलो. रस्ताभर मी पोरांना एकच सांगत होते, आपलं घर आहे जळगावला, आपल्या घरी चाललोय. रिक्षावाल्याने कुठून आलात विचारलं, तेव्हा हे नंदुरबार म्हणाले. खोटं बोलताना त्यांचे कान लाल झाले.

दार कमलने उघडलं. आम्हाला पाहिलं आणि पदर नाकाला लावला. "शकूताई, तठेच ओट्यावर बठा. घरमा पोरे शेतस."

घरात पोरं आहेत! आणि माझ्या कडेवर काय होतं? तिने पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला आणि दार लावून घेतलं. मी भांडून बसवलेल्या फरशीवर, मीच बांधलेल्या घराबाहेर, मी माझ्या पोरांना ओंजळीने पाणी पाजलं. भीती मला समजते. प्लेगची भीती कुणाला नव्हती? पण निदान मागची खोली उघडून देता आली असती, शेड देता आली असती. ती शेड माझ्याच जमिनीवर उभी होती.

ती रात्र आम्ही ओट्यावरच काढली. निरोप मिळताच आबा दुसऱ्या दिवशी आले. अंगणात शेजारपाजार जमला. भास्कर आतून म्हणाला, "आबानी मालेच सांगेल शे, घर तुन्हंच शे म्हनीसन. ईचारा त्यासले."

"आबा, सांगा ना याले, घर कोनं शे?" मी ओरडले.

आबा एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे बघत राहिले. शब्द फिरवणं त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी इतकंच म्हणाले, "मी तं येल मानूसले तसंच म्हनस." दारात आलेल्या प्रत्येकाला.

गर्दीत कुणीतरी हसलं. तो हसण्याचा आवाज मी अजून विसरलेली नाही.

आबा आम्हाला गावी घेऊन गेले. दारात वहिनी पाणी घेऊन उभी होती, तिने नाक झाकलं नाही. आबा म्हणाले, "ये शकू, घर तुन्हंच..." मी तिथेच पेटी आपटली. "ते वाक्य माझ्यासमोर पुन्हा बोलायचं नाही!" वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्यानंतर आबा मला ते कधीच म्हणाले नाहीत.

साथ ओसरल्यावर सुरतेला परतलो, तर आमच्या ओरडीला दोन कुलपं. एक आमचं, त्याच्यावर मासीचं. "मारी ओरडी, मारे साचववी पडे ने," असं म्हणत तिने आपलं काढून घेतलं. तिची ओरडी, म्हणून तिने सांभाळली. आतला चमचा हलला नव्हता. जिने मला जन्मात कधी हे घर तुझं म्हटलं नाही, तिच्याकडे माझा संसार शाबूत होता. त्या दिवशी मला तिच्या अकरा महिन्यांच्या कटकटीचा अर्थ लागला. तरी गल्लीत मांडलेली भांडी मी माफ केलेली नाहीत. तेही सांगून ठेवते.

तेव्हा ऐका. घर भाड्याने द्या, जरूर द्या. पण आपल्याच माणसाला देणार असाल, तर कागद दुप्पट काळजीने करा. परक्याला निदान तोडून बोलता येतं. माणूस बघायला वडिलांना पाठवू नका, रजा काढून स्वतः जा. घरपट्टीची पावती आणि विजेचं मीटर आपल्याच नावावर राहू द्या. एक खोली, कितीही लहान, आपल्या कुलपात ठेवा आणि वर्षातून एकदा तरी तिथे झोपा, म्हणजे गल्लीला मालकाचं तोंड माहीत राहतं. पाटी लागली की त्याच दिवशी बोला, पुढच्या उन्हाळ्यात नव्हे. आणि किल्ली देताना जीभ आवरा. हे सगळ्यात अवघड आहे. गोड बोलायला आपल्याला पैसे पडत नाहीत, म्हणून आपण बोलतो.

भास्करने पुढे घर सोडलं. का, तर शहराबाहेर त्याचं स्वतःचं घर झालं. वरचा मजला त्याने भाड्याने दिलाय. अकरा महिन्यांचा पक्का कागद करून! मागची खोली स्वतःच्या कुलपात. हे कळलं तेव्हा मला हसावं की दगड मारावा, सुचेना.

आम्ही सुरतेलाच राहिलो. मुलं तिथली झाली, गुजरातीत भांडतात. मेहरूणच्या पुढच्या खोलीत शिरपूरकडचं एक नवं जोडपं ठेवलं आहे. किल्ली देताना त्या मुलीने माझ्याकडे आशेने पाहिलं. मी म्हणाले, "घर माझं आहे. नीट राहा." तिचा चेहरा उतरला. उतरू दे.

मागची खोली माझी. तिथे एक खाट आहे, माठ आहे. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे असताना आबा आले. आता काठी लागते त्यांना. मी मागचं कुलूप काढून आत गेले, माठ भरला, खाट झटकली, तरी त्यांचा पत्ता नाही. बाहेर येऊन बघते, तर ओट्यावर बसलेले. धोतर गुडघ्यांत आवळून, परक्याच्या दारात बसावं तसे. मी आत बोलवीन म्हणून वाट पाहत होते. स्वतःहून पाऊल टाकायची त्यांची हिंमत होत नव्हती.

राग अजून आहे माझ्या पोटात. तरी मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "चला आबा. घर तुन्हंच शे."

कागद केला नाही.