मंदाच्या अर्जातली ‘शिक्षा’

नवागामच्या मंदाला सचिन गावातल्या कापड मिलमधून काढलं, तेव्हा कापडाच्या घड्या-तपासणीवरच्या फोल्डिंग मास्तरनं गेटवर सगळ्यांदेखत सुनावलं, “आता या रोडवर तुला कोण ठेवून घेतं तेच बघतो.” गुन्हा काय, तर मास्तरच्या मेहुण्याच्या लूमवरचं डागी कापड तिनं चेकिंगच्या टेबलावरून पुढं जाऊ दिलं नाही.

मी युनियनचा माणूस; म्हटलं, लेबर ऑफिसात खेचू त्याला.

“तारखा तुम्ही मोजा, भाऊ. मला त्याच्या समोरच्याच मिलमध्ये काम पाहिजे. रोज दिसले पाहिजे मी त्याला.”

हा सूड मला लेबर ऑफिसपेक्षा आवडला.

समोरच्या मिलला चेकिंगसाठी बाई हवी होती. अर्ज हिंदीत, त्यात नाम, शिक्षा आणि अनुभव लिहायचा. मंदानं तो स्वतः लिहिला. शेजारची राखी हिंदी मीडियमची. ती वाचता वाचता हसायला लागली. ‘शिक्षा’पुढं मंदानं लिहिलं होतं: डागी माल पास केला नाही म्हणून हजेरी कापली. पुन्हा केला नाही म्हणून दिवसभर उभं ठेवलं. तरी केला नाही म्हणून काढलं.

“मावशी, हिंदीत शिक्षा म्हणजे शाळा गं.”

“मग शाळा सातवी. खाली लिही. वरचं खोडायचं नाही.”

मीही म्हटलं, खोडू नका. नम्र, आज्ञाधारक, कष्टाळू असल्या अर्जांचा त्या टेबलावर ढीग पडलेला असतो. मॅनेजर त्यावर चहाचा कप ठेवतो. तुम्ही काय केलंत ते सांगा, म्हणजे तो वाचेल.

त्यानं वाचलं. तिला बोलावलं, मीही सोबत गेलो. त्यानं आमच्यासमोरच मास्तरला फोन लावला, स्पीकरवर.

“ये मंदाबेन कैसी है?”

“मत रखना साहब, पछताओगे. ज़रा से दाग पे पूरा थान रोक देती है. मैं बोलूँ तो भी नहीं छोड़ती.”

मॅनेजरनं फोन ठेवला. “कल से आ जाओ, बेन.”

मंदा जागची हलली नाही. “साहब, सुबह की पाली देना. मास्तर उसी टाइम आता है.”

दुसऱ्या दिवशी मास्तर पानटपरीवर मावा चोळत होता. गळ्यात नवं कार्ड अडकवून मंदा मुद्दाम रस्ता ओलांडून त्याच्याकडं गेली.

“मास्तर, तुमच्याच फोनवर लागलं हं काम. आता रोज भेटू.”