टायची गाठ

माझ्या भाच्याच्या निवासी शाळेच्या फाटकावर संगमरवरात एकच शब्द कोरला आहे : स्वावलंबन. माहितीपुस्तिकेत त्यावर चार पानं आहेत. ती वाचून माणूस आदराने थकतो.

रविवारी मी ओंकारला बाहेर जेवायला न्यायला गेलो. तपासणीत टाय नीट असेल तरच मुलाला बाहेर सोडतात. म्हणून इथली पोरं टायची गाठ वर्षभर सोडतच नाहीत. सैल करून डोक्यावरून काढतात आणि तशीच खुंटीला टांगतात. सहावीतला ओंकार नवखा. त्याने गाठ सोडून टाय चक्क धुतला होता. आता गाठ पुन्हा मारता येईना. तपासणीला पाच मिनिटं उरली होती आणि त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"धुतलास? येड्या, टाय कुणी धुतं का!" मी पुढे होणार तोच दहावीतला एक दांडगा मुलगा ओरडला.

त्या दांडग्याला गाठ फक्त स्वतःच्याच गळ्यात मारता येत होती. म्हणून त्याने स्वतःचा टाय उतरवला, ओंकारचा बांधला, सैल केला आणि हार घालावा तसा ओंकारच्या गळ्यात घातला. पुस्तिकेत नसलेलं पाचवं पान मला असं उभ्याउभ्या वाचायला मिळालं.

जेवताना ओंकार म्हणाला, "मामा, मला गाठ शिकव ना."

"स्वावलंबन का?"

"छे! जूनमध्ये नवीन पोरं येतील. त्यांना कोण बांधून देणार?"