शेवटच्या बांधीत कोण उभा होता?

एकोडीच्या तलावाचं पाणी सोडायचं काम टिकारामचं. तो गावचा पाणकर. त्याच्या बापापासून एक नियम चालत आलेला: जो पाणी मागेल, त्यानेच खालच्या टोकाला, शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, जाऊन उभं राहायचं. धान बुडायला लागलं की तिथून हाक द्यायची, मग टिकाराम मोरी बंद करणार. वर तलावाच्या पाळीवर, मातीच्या भरावावर बसून कोणी हुकूम सोडायचा नाही.

हा नियम त्याने एकदाच मोडला. ऐंशीच्या आसपास ग्रामपंचायतीची निवडणूक होती. सरपंच कृष्णरावांना वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांची मतं हवी होती. "लोकायच्या भल्यासाठी सोड," म्हणाले आणि स्वतः पाळीवरच बसून राहिले. खाली सोमाजीचं कापणीला आलेलं धान आडवं झालं. कृष्णराव निवडून आले. टिकाराम सोमाजीच्या दारी जाऊन रडला.

टिकारामचा एकुलता एक मुलगा इश्वर फौजेत होता. सत्त्याऐंशीच्या जुलैत त्याची पलटण श्रीलंकेत गेली, शांतता राखायला. मी शाळेत गुरुजी, रोज टिकारामला पेपर वाचून दाखवायचो. ऑक्टोबरात बातमी आली, आपल्या फौजेने तिथल्या बंडखोरांवर हल्ला चढवला.

"गुरुजी, शांततेले गेले होते ना? मंग आताच कायले लढून राहिले?"

"देशाचं काम आहे, टिकारामभाऊ."

"अन् ते तोफायच्या दलालीची बातमी? रोज पयल्या पानावर रायत होती. आज कोठी गेली?"

मी पान उलटलं. बातमी आत होती, बोटभर. मला त्याचा रागच आला. अंगठाबहाद्दर माणूस, दिल्लीच्या नेत्याच्या मनातलं ह्याला काय कळणार, असं मी मनात म्हटलं. आता स्वतःची लाज वाटते.

दिवाळीच्या चार दिवस आधी तार आली. मागून राखेचा कलश आला. टिकारामची बायको रुखमिणी कलश मांडीवर घेऊन बसली, कोणाला हात लावू देईना.

शाळेच्या पटांगणात श्रद्धांजली सभा झाली. कृष्णराव आता तालुक्याचे पुढारी. हार घेऊन आले आणि भाषणात म्हणाले, "दिल्लीनं अगदी योग्य वेळी घाव घातला."

टिकाराम उठला. आवाज चढवला नाही त्याने.

"कृष्णराव, योग्य वेळ कोणाची? तुमी पाणी सोडाले लावलं, तवा पाळीवर बसले होते. दिल्लीवालाबी पाळीवरच बसून हाये. शेवटच्या बांधीत माहा इश्वर उभा होता. त्याची हाक कोणी आयकली काय, एवढं सांगा."

कृष्णरावांनी माझ्याकडे बघितलं. मी मुलांना हात केला. 'अमर रहे'च्या घोषणा सुरू झाल्या, आणि टिकाराम पुढे काय बोलला ते कोणालाच ऐकू आलं नाही.

त्यानंतर तो माझ्याकडे पेपर ऐकायला कधीच आला नाही.