बिमारीची सुट्टी, जर्मनीसारखी

वरूडला पेट्या भरायच्या ज्या शेडवर मी माझ्या बागेतली संत्री घालतो, तिथला मुकादम मोठा बोलका माणूस. त्याचा जावई जर्मनीत असतो. "तिकडं ताप आला का माणूस घरी झोपते, अन् पगार चालूच रायते," हे तो मालकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतो.

गेल्या हंगामात मालकच तापाने फणफणलेले शेडवर आले. मुकादमाने त्यांच्या हातातल्या किल्ल्या काढून घेतल्या. "घरी जा शेठ. धंदा आमी पाहून घेतो." मालक दोन-तीन दिवस झोपून राहिले.

ते परतले तेव्हा पेट्या भरणारी एक बाई आजारी पडली होती. मालक तिची मजुरी कापायला निघाले. मुकादमाने हळूच विचारलं, "तुमी झोपले होते तवा तुमची कमाई कोनं कापली, शेठ?"

मालक ओशाळले. "बरं बाबा, आजपासून बिमारीतही सगळ्याइले मजुरी."

दुसऱ्या दिवशी मी संत्री घेऊन गेलो, तर अर्धी शेड शिंकत, कण्हत घरी निघाली होती. मुकादम दारात हात पसरून उभा होता आणि काकुळतीने सांगत होता, "जपानमंधी लोकं तापातही सुट्टी घेत नाई, बापा."