उन्हावरचा पंप

आमच्या रानात सोलर पंप बसला तेव्हा लागोपाठ दुसरं साल कोरडं गेलेलं. वैजापूरच्या रस्त्याला माझी मोसंबीची बाग, अन् बांधापलीकडं धाकट्या भावाची विहीर. त्याचं घर, जनावरं, सगळं त्याच विहिरीवर. माझ्या बागेला बोअर.

या पंपाला लाईट नको, माणूस नको. दिवस वर आला की प्लेटांवर ऊन पडायचं अन् रानात कुणी नसताना पाणी सुरू व्हायचं. धूर नाय, आवाज नाय. झाडांखालच्या नळ्या आपोआप ठिबकायला लागायच्या. आधी लई बरं वाटलं. मग अंगावर काटा यायला लागला. माझ्याच रानात मला न विचारता कुणीतरी राबतंय अन् ते दमत नाय.

एक दिवस भाऊ बांधावर आला.

"दादा, विहीर तळाला चालली. तुझा पंप जरा बंद ठेव."

"शहराच्या नव्या कॉलन्या बघ किती बोअर मारत्यात. त्यांना सांग. आपल्या दोघांच्या मधी सगळा काळा पत्थर हाय. त्याच्यातून पाणी ओढायला मी काय भूत हाय?"

"तू नाय रे. पण तो पंप तुझं ऐकतो, का उन्हाचं?"

मी चौथीपर्यंतच शिकलो, पण माझी जमीन मला कळती. पंप चालूच राहिला.

पुढं भावाच्या सुनेला मुलगी झाली. आमच्यात बाळंतीण विहिरीची पूजा करती, मगच पाण्याला हात लावती. तळाशी डबक्याएवढं पाणी होतं. बायकांनी वरून हळदकुंकू वाहिलं, बाजारातून आणलेली झेंडूची फुलं कुस्करून सोडली. मी काठावर उभा होतो. वारा नव्हता, तरी पाकळ्या हळूहळू एका कोपऱ्यात सरकल्या. तिथं दगडाला भेग होती. एकेक पाकळी आत गेली.

"विहिरीनं ओटी घेतली," चुलती म्हणाली. बायका खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी बागेत पाणी कमी यायला लागलं. मी फिल्टरची जाळी काढली. जाळीला झेंडूच्या पाकळ्यांचा चोथा चिकटलेला. त्या साली आमच्या शिवारात कुणाच्याच रानात झेंडू नव्हता. जाळी हातात धरून मी उभा, अन् प्लेटांवर ऊन, खाली पंप ओढतच होता.

बटण बंद केलं. पण त्याच्यावर माझा भरोसा बसंना. घरून गोधड्या आणल्या, प्लेटांवर टाकल्या, सुतळीनं बांधल्या.

संध्याकाळी भाऊ आला. बराच वेळ बघत राहिला.

"प्लेटांना थंडी वाजती का, दादा?"

"पंप बिघडलाय."

"मिस्त्रीला बोलवू?"

"नको. पाऊस पडूस्तोवर बिघडलेलाच राहील."

तो बांधाकडं वळला. त्याची विहीर उन्हाळाभर घरापुरती टिकली. माझी अर्धी बाग वाळली. मी रोज बागेत बसायचो. वाऱ्यानं गोधडीचा कोपरा उचलला, काचेवर ऊन पडलं, की उठून तो परत दाबायचो. बटण बंदच होतं, तरी.