भिंतीपलीकडची शाळा

माधव गेला त्या सकाळी, आम्ही हॉस्पिटलमधून घरी परतायच्या आत, सोसायटीच्या ग्रुपवर ‘थोर शिक्षणतज्ज्ञ हरपला’ असा संदेश येऊन पडला होता. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. त्यातल्या कितीतरी हातांनी माधवला एकटं पाडलं होतं, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. काही आठवडे उलटले. दुःख हळूहळू निवतं म्हणतात... रागाचं काय होतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

माधव म्हणजे माझा नवरा. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे सासूबाईंसमोर सोडलं तर मी त्याला कायम नावानेच हाक मारली. त्याचा जन्म दिल्लीतलाच, हिंदूराव हॉस्पिटलातला. वडील सरकारी कारकून. रिजच्या टेकडीजवळच्या ज्या सरकारी शाळेत तो शिकला तिथे त्याच्या बाकावर एका बाजूला साहेबांचा मुलगा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला त्याच साहेबांच्या शिपायाचा. पुढे तो बी.एड.च्या मुलांना शिक्षणाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवू लागला. मुलांना तो पेपर म्हणजे झोपेचं औषध, पण माधवला सगळं तत्त्वज्ञान त्या एका बाकावर दिसायचं. सगळ्यांची शाळा म्हणजे गरिबांवर केलेली मेहेरबानी नव्हे, म्हणायचा. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचा देश चालायचा कसा? ज्यांचं सरकारदरबारी ऐकलं जातं त्यांची मुलं शाळेतून निघून गेली, की त्या शाळेचं ऐकणारं कोणी उरत नाही. हे व्याख्यान भाजीच्या गाडीपाशीसुद्धा चालायचं. मी म्हणायचे, आधी कोथिंबीर घे, समाज मागाहून.

नव्वदीच्या मध्याला आम्ही दिल्लीच्याच टोकाला, विमानतळाजवळच्या द्वारकेत आलो. रस्ते अर्धवट, पाणी टँकरचं, पण स्वतःचा फ्लॅट. विमानं डोक्यावरून जायची आणि ती मोजण्यात मुलांची संध्याकाळ जायची. देशात पैसा यायला लागला होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी नव्या पब्लिक स्कूलचं नाव होतं, जिथे सगळं होतं, पब्लिक तेवढी सोडून. नेमकी तेव्हाच आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे सरकारी शाळा उघडली. सकाळी मुलींची पाळी, दुपारी मुलांची, आणि काही वर्ग तर चक्क तंबूत. माधवला जणू घबाड मिळालं. सोसायटीत सात मराठी घरं होती, बहुतेकांची मुलं सहावीत जायच्या वयाची. त्या वर्षीच्या गणपतीत आरतीनंतर त्याने विषय काढला. एकट्याने मूल घातलं तर मूल बुडेल, सगळ्यांनी घातली तर शाळा वर येईल. आपण बोलणारी माणसं आहोत, पंखे मागू, मास्तर मागू. देशपांडे सगळ्यांत पुढे होते. म्हणाले, “बिल्कुल. माधवराव, बाप्पासमोर शब्द देतो.” एकामागून एक सगळ्यांनी शब्द दिला. माधवने तो खरा मानला, यात त्याची सगळी हुशारी आणि सगळा भाबडेपणा आला.

मी तेव्हा जवळच्याच एका खासगी शाळेत गणित शिकवत होते. थंडी सुरू झाली तशा एकेक बायका घरी येऊ लागल्या, माधव कॉलेजात असेल ती वेळ साधून. वहिनी, आमच्या मुलाच्या ॲडमिशनसाठी तेवढा प्रिन्सिपलकडे शब्द टाका ना. माधवभाऊंना मात्र सांगू नका. मी त्याच दिवशी सगळं माधवला सांगितलं. दोन दिवस त्याने विचार केला. मग म्हणाला, टाक शब्द, भ्यायलेल्या माणसाला अडवून काय मिळणार? मी विचारलं, “मग आपल्या संकेतचं काय? माझ्या शाळेत अर्ध्या फीमध्ये होईल.”

“दुसऱ्याच्या मुलावर मला तत्त्व लादता येत नाही,” माधव म्हणाला. “आपल्याच मुलावर येतं.”

हे तो हसत म्हणाला होता. मला हसू आलं नाही. एप्रिलमध्ये सरकारी शाळेच्या दारात आमची दोघंच गेली, बाप आणि लेक. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माधवला लागू नव्हतं, एवढंच त्यातलं समाधान.

संकेत तिथे बारावीपर्यंत शिकला, इंजिनियर झाला, गुडगावात स्थिरावला. त्याची मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा एका रविवारी जेवताना माधवने सहज विचारलं, तुमच्या भागात सरकारी शाळा कशी आहे रे?

संकेत म्हणाला, “नको बाबा. मी एकटा होतो. तिला एकटं नाही पाडायचं मला.”

“एकटा? वर्गात पन्नासच्या वर मुलं होती. ती तू माणसांत धरलीच नाहीस?”

संकेतने ताटातलं संपवलं आणि बायको-मुलीला घेऊन निघून गेला. त्यानंतर बापलेक बोलायचे ते रक्तदाबावर आणि गाडीच्या मायलेजवर. माधवने भाषणांची आमंत्रणं घेणं बंद केलं. मी घरातच नापास झालो, बाहेर काय शिकवू, असं एकदा म्हणाला. शेवटपर्यंत तो हे मनात धरून होता. संकेतच्या त्या वाक्याने त्याला जेवढं खाल्लं तेवढं आजाराने खाल्लं नाही.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. देशपांडे म्हणाले, माधवरावांचं स्वप्न आपण सगळ्यांनी मिळून पाहिलं. पाहिलं ना... आणि सकाळी मुलांना पिवळ्या बसमध्ये बसवून दिलं. मी बोलले असते तर सभेला शोभलं नसतं, एवढीच भीड.

परवा संकेत माधवच्या खोलीतली पुस्तकं आवरायला आला होता. त्या खोलीची खिडकी मागच्या भिंतीवर उघडते. निवृत्तीनंतर माधव दुपारची पाळी भरताना तिथे उभा राहायचा, प्रार्थना संपली की खुर्चीत येऊन बसायचा. संकेतही हातातली पुस्तकं ठेवून तिथे गेला आणि खाली बघत आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणू लागला, त्या कोपऱ्यात आमचा तंबू होता. पुढे धरमवीर, त्याच्यामागे इरफान, मग मी आणि राजू. राजूचं गणित मी करायचो, माझं भांडण तो करायचा. नावं संपेनात. मी विचारलं, अरे, मग त्या दिवशी एकटा होतो म्हणालास ते?

“शाळेत नव्हतो ग एकटा. इथे होतो, खाली पार्कात. देशपांड्यांचा मुलगा आणि बाकीचे मला खेळायला घ्यायचे नाहीत. सरकारी म्हणायचे.”

“हे बाबांना का नाही सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं कुठे? लगेच वर्गातली मुलं मोजायला लागले.”

खाली प्रार्थना सुरू झाली होती. ती संपेपर्यंत संकेत खिडकीतून हलला नाही. मी माधवच्या खुर्चीत बसून राहिले. तो नापास झाला नव्हता, आणि हे ज्याला सांगायचं तोच आता नव्हता.