आपोआप थांबणारं ड्रिल

बाबा सुतार. सावली गावातल्या आमच्या अंगणात ते बैलबंडीच्या जुवाला गिरमिटानं भोकं पाडायचे, तेव्हा डाव्या हाताचा अंगठा लाकडाखाली दाबून धरलेला असायचा. टोक अंगठ्याला टोचलं की थांबायचं, लाकूड उलटं करायचं आणि उरलेलं भोक त्या बाजूनं पाडायचं, म्हणजे लाकूड उचकटत नाही. मी हाडांची डॉक्टर झाले तेव्हा ते सगळ्यांना सांगत, पोरगी आमच्याच धंद्यात आली.

फरक एवढाच की हाडाच्या मागे अंगठा धरता येत नाही. तिथं रक्तवाहिन्या आणि नसा असतात. ड्रिल जरासं जास्त घुसलं तर पायावर बेतू शकतं. मला माझ्या हाताची घमेंड होती. पलीकडची बाजू जवळ आली की त्याला बरोबर कळायचं. चंद्रपूरच्या आमच्या दवाखान्यात हाड पार होताच स्वतःहून थांबणारं ड्रिल आलं, तेव्हा मी नाक मुरडलं होतं.

मग बाबाच शिडीवरून पडले आणि नडगी मोडली. घरच्या माणसावर चाकू चालवू नये, हे मी त्यांना पन्नासदा सांगितलं. ते ऐकेनात, त्यांना माझ्याच हातानं करून घ्यायचं होतं. टेबलापाशी उभी राहिले आणि त्याच हातावर माझा भरवसा उरला नाही. मी मुकाट्यानं ते नवं ड्रिल मागितलं.

बाबांचं कमरेखालचं अंग बधिर होतं, पण ते जागे होते. पडद्याआड कान लावून पडलेले. हाड पार झालं आणि ड्रिल एकदम थांबलं. त्यांना वाटलं, मी घाबरून अर्ध्यातच सोडलं.

“काऊन थांबली, माय?” ते म्हणाले. मला ते मायच म्हणायचे. “भेऊ नको. मले दुखून नाई राह्यलं.”

पार झालंय, मी सांगितलं.

“हात बसला तुया,” ते म्हणाले.

पाय जुळला. पुढं काही वर्षं ते त्याच पायानं गावभर हिंडले आणि भेटेल त्याला माझ्या हाताचं कौतुक सांगत राहिले. थांबलं ते यंत्र, मी नाही, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. सांगितलं असतं तर हसले असते, ते ड्रिल बघायला मागितलं असतं. फार आठवण येते त्यांची.

आता मी रोज तेच ड्रिल वापरते. ते थांबतं, आणि पडद्यापलीकडून मला कुणी काही विचारत नाही.